भाड्याचे तट्टू नेमके कोण?

१ जानेवारी जवळ आला की काही मंडळींना इतिहासाची उबळ येते. भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक निघतात आणि इकडे मोबाईलवर तोच जुना शेरा फिरू लागतो : "कसले शूर? इंग्रजांची भाड्याची तट्टे!" आपली पोरं चिडतात, शिवीला शिवी देतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून या वेळी त्या शब्दाचाच हिशेब करू.

तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा. काटक, ओझे वाहणारा, थोड्या चाऱ्यावर भागवणारा. पण मराठीत हा शब्द कोणासाठी वापरला, यावर त्याची किंमत ठरते. भीमेच्या काठची तट्टे मराठा फौजेत दौडली, म्हणून 'भीमथडीची तट्टे' हा अभिमानाचा शब्द झाला. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतातही त्यांना मानाची जागा आहे. त्याच भीमेच्या काठी १८१८ साली महार सैनिक लढले, तर ते मात्र 'भाड्याचे तट्टू'!

पगार घेऊन लढणे म्हणजे भाड्याने जाणे असेल, तर मग सगळ्यांचाच हिशेब मांडा. मराठा फौजेतला बारगीर सरकारी घोड्यावर बसून पगार घेई. शिलेदार स्वतःचा घोडा आणून त्याहून जास्त घेई. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉयन या परदेशी माणसाने उभ्या केल्या. खुद्द कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने चालून आलेल्या पायदळात अरब होते, पगारी अरब. आणि कंपनीच्या त्या पलटणीत एकटे महार नव्हते. मराठे, मुसलमान, राजपूतही होते. त्यांना कोणी तट्टू म्हटल्याचे ऐकले आहे? नाही. म्हणजे आक्षेप पगाराला नाही, इंग्रजांच्या चाकरीलाही नाही. आक्षेप आहे तो महाराच्या हातातल्या बंदुकीला. ज्या राज्यात अस्पृश्यतेला राजसत्तेचेच पाठबळ होते, त्या राज्याशी इमान राखण्याचे कर्ज आमच्या पूर्वजांवर कोणी ठेवले होते?

आम्ही इंग्रजांचे लाडके होतो, असेही नाही. १८९२ च्या सुमारास त्यांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. सुभेदारांच्या घरात वाढलेल्या बाबासाहेबांना हे चांगले ठाऊक होते. तरी ते १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले. इंग्रजांची आरती करायला नव्हे, तर आपल्या माणसांना त्यांच्या हिमतीची आठवण द्यायला.

भाड्याचीच गोष्ट निघाली आहे, तर चाळीसगावही आठवा. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब खानदेशच्या दौऱ्यात तिथे उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. त्यांना बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. कधीच टांगा न हाकलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. भाड्याचे पैसे बाटले नाहीत, घोडाही बाटला नाही. बाटणार होता तो फक्त टांगेवाला! ज्या समाजाने भाड्याचा घोडासुद्धा आम्हाला सरळपणे दिला नाही, तोच आज आम्हाला भाड्याचे तट्टू म्हणतो आहे.

आता थोडे घरातले. मित्रांनो, हा शब्द आपणही वापरतो, आणि तोही एकमेकांवर. गट वेगळा, म्हणून तट्टू. युती वेगळी, म्हणून तट्टू. समाज विकणारे आपल्यात नाहीत असे मी म्हणत नाही. पण मान्यवर कांशीराम यांनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, 'चमचा युग' लिहिले, त्यातला धडा काय होता? चमचा आपोआप जन्मत नाही. आपले खरे नेतृत्व रोखायला ज्याला तो लागतो, तोच त्याला घडवतो. आपण मात्र तट्टावर चाबूक ओढतो आणि पाठीवरचा स्वार मजेत निघून जातो. एखाद्या कार्यकर्त्याला भाडोत्री म्हणण्याआधी पुरावा मागा, आणि पुरावा मिळालाच तर भाडे देणाऱ्याचे नाव आधी घ्या.

या शब्दाचा अजून एक अर्थ आहे : अडेलतट्टू. कितीही हाका, जागचे न हलणारे. ही शिवी मात्र मला आवडते. काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे वर्षानुवर्षे अडून बसली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षे लोकांनी घरे जळताना पाहिली, माणसे गमावली, पण मागणी सोडली नाही. तेव्हाही आम्हाला हट्टीच म्हटले गेले.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तट्टू म्हटले, तर चिडू नका. त्याला बारगिराचा पगार विचारा, कोरेगावातले अरब विचारा, चाळीसगावचा टांगा विचारा. आणि सांगा, तट्टूच म्हणायचे असेल तर अडेलतट्टू म्हणा. आम्ही भाड्याने जाणार नाही आणि जागचेही हलणार नाही.

जयभीम!