जुना ट्रॅक्टर, नवे कर्ज

ट्रॅक्टर घेताना त्याची किंमत किती, हे प्रत्येक जण विचारतो. चार-पाच वर्षांनी तो विकायला काढला तर हाती काय येईल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि विक्रेता तर ते आपण होऊन सांगतच नाही. छोट्या शेतकऱ्याची खरी नागवणूक होते ती या न विचारलेल्या प्रश्नाच्या पोटात.

२०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सुमारे ८६ टक्के वहितीदारांची जमीन दोन हेक्टरांच्या आत आहे. सरासरी धारणा अवघी १.०८ हेक्टर. पंजाब-हरियाणातील पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर या शेतकऱ्याच्या बांधातही मावत नाही, म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत कारखानदारांनी १५ ते ३० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आणले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतील फवारणी, विदर्भ-सौराष्ट्रातील कपाशीच्या ओळींमधील कोळपणी, भाजीपाल्याच्या रानातील मशागत ही कामे हे यंत्र उत्तम करते. बैलजोडी पाळणे महाग झाले, मजूर वेळेवर मिळत नाही; अशा स्थितीत छोट्या शेतकऱ्याला यंत्राची ओढ वाटली तर तो काही हौसेचा मामला नव्हे. यंत्राला विरोध करण्याचे कारणही नाही. ते कोणाच्या हिशेबावर झिजते, एवढेच पाहायचे आहे.

कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य सर्वसाधारणपणे दहा वर्षे धरतात, वर्षाकाठी काम एक हजार तास धरतात आणि अखेरीस मोडीची किंमत मूळ किमतीच्या दहा टक्के धरतात. समजा, छोटा ट्रॅक्टर ५,००,००० रुपयांचा आहे. दहा वर्षांत ४,५०,००० रुपये झिजायचे, म्हणजे दर वर्षाला घसारा ४५,००० रुपये. हजार तास काम असेल तर तासाला ४५ रुपये पडतात. ते डिझेलच्या खर्चापुढे डोळ्यांत भरत नाहीत. पण अडीच एकरांच्या धन्याकडे हजार तासांचे काम आणायचे कोठून? स्वतःचे रान आणि शेजाऱ्याची थोडीफार भाड्याची कामे मिळून त्याचे अडीचशे तास भरले, तर तोच घसारा तासाला १८० रुपये होतो. डिझेल, वंगण, टायर, दुरुस्ती आणि व्याज हे सगळे त्यानंतर. ट्रॅक्टर उभा राहिला तरी त्याचे वय थांबत नाही. आणि बाजारात जुन्या ट्रॅक्टरची किंमत करताना पहिला प्रश्न सालाचाच होतो. कमी चाललेले यंत्र म्हणून गिऱ्हाईक थोडे अधिक देईल, परंतु चौपट कमी चालले म्हणून चौपट किंमत कोणी देत नाही.

येथे एक विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. कारखानदार आपल्या यंत्रसामग्रीवर दरसाल घसारा दाखवतो. आयकराच्या नियमांत साधारण यंत्रांना त्याचा दर १५ टक्के आहे, आणि तेवढी रक्कम त्याच्या करपात्र नफ्यातून वजा होते. म्हणजे त्याच्या यंत्राच्या झिजेचा काही भार सरकारी तिजोरी उचलते. शेतकऱ्याचे शेती उत्पन्न करमुक्त आहे, हे त्याला वारंवार ऐकवले जाते. पण जेथे करच नाही तेथे घसाऱ्याची वजावटही नाही. त्याचा घसारा त्याने धान्याच्या भावातून वसूल करावा, असे पुस्तकात लिहिलेले असते. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्चात अवजारांचा घसारा धरतो हे खरे, मात्र तो सरासरीने. आणि हमीभाव ज्याच्या पदरात पडतच नाही त्याला या धरण्याचा उपयोग काय? द्राक्षाला आणि टोमॅटोला तर हमीभावच नाही.

आता बदलीचा व्यवहार पाहावा. जुना ट्रॅक्टर द्या, नवा न्या, वरचे पैसे हप्त्याने भरा: दसरा-दिवाळी, पाडवा आला की शोरूमसमोर असे फलक लागतात. जुन्याची किंमत कोण ठरवतो? विक्रेताच. कशावरून? या प्रश्नाला त्याच्याकडे दोन निरनिराळी उत्तरे असतात. विम्याच्या तक्त्यात वाहनाची किंमत दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के उतरवली जाते; शेतकऱ्याचा भाव खाली आणायचा असेल तेव्हा हा तक्ता पुढे येतो. तोच तक्ता शेतकऱ्याने स्वतःच्या बाजूने दाखवला, तर 'तो विम्याचा हिशेब, बाजाराचा नव्हे' असे ऐकायला मिळते.

परंतु खरी मेख भाव पाडण्यापेक्षा भाव चढवण्यात असते. समजा, नवा ट्रॅक्टर ५,००,००० रुपयांचा, आणि जुन्याला खुल्या बाजारात २,००,००० रुपये येतात. पहिला विक्रेता उदारपणे म्हणतो, जुन्याचे २,२५,००० देतो. शेतकरी खूश होतो आणि २,७५,००० रुपये भरतो. दुसरा जुन्याचे १,८०,०००च देतो, मात्र नव्यावर ५०,००० रुपयांची सूट देतो. त्याच्याकडे भरायचे होतात २,७०,०००. म्हणजे ज्याने जुन्याला ४५,००० रुपये कमी दिले, त्याच्याकडचा सौदा ५,००० रुपयांनी स्वस्त पडतो! आणि जो शेतकरी जुना स्वतः बाजारात २,००,००० ला विकून, तीच सूट घेऊन नवा घेईल, त्याच्या खिशातून जातील अवघे २,५०,०००. पहिल्याचे औदार्य येणेप्रमाणे २५,००० रुपयांना पडले. जुन्याची किंमत आणि नव्याची सूट हे दोन आकडे जाणूनबुजून एकत्र कालवले जातात, ते शेतकऱ्याला वेगळे दिसू नयेत यासाठीच. जुन्याची बोली न लावता नव्याचा अखेरचा भाव आधी लेखी मागितला की हा सगळा पसारा उघडा पडतो.

सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. तालुक्याच्या गावचा विक्रेता स्वतः कंपनीच्या उद्दिष्टांखाली दबलेला असतो. अमुक महिन्यात इतके नग उचललेच पाहिजेत, हा हुकूम वरून येतो. उचललेल्या मालावर त्याचे व्याज चालू होते, आणि बदलीत आलेले जुने ट्रॅक्टर दलालाच्या गळ्यात घालेपर्यंत त्याचेही भांडवल अडकते. तो शेतकऱ्याकडून ओरबाडतो, आणि वरचा त्याच्याकडून. नफ्याचा मोठा वाटा तालुक्यात राहत नाही.

घसाऱ्याचे सर्वांत निर्दय रूप दिसते ते कर्जात. ४,००,००० रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी 'सपाट दहा टक्के' दराने घेतले तर व्याज होते २,००,०००, आणि सहामाही हप्ता ६०,०००. कागदावर दहा टक्के दिसणारा हा दर, दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते हे लक्षात घेता, प्रत्यक्षात सोळा टक्क्यांच्याही वर जातो. वर्षभरात सुरुवातीचे १,००,००० आणि दोन हप्ते मिळून २,२०,००० रुपये भरून झाले, आणि पुढच्या साली गारपीट झाली, असे समजा. कर्ज अजून सुमारे ३,४३,००० शिल्लक आहे. कंपनीने ट्रॅक्टर ओढून नेला आणि लिलावात ३,००,००० आले, तर शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर नाही, भरलेले पैसे नाहीत, आणि ४३,००० रुपयांचे देणे मात्र आहे. ओढून नेण्याचा खर्च वेगळा. ही ओढून नेण्याची रीत कोठवर जाते, ते सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात दिसले. वसुलीसाठी आलेल्यांनी नेलेल्या ट्रॅक्टरखाली शेतकऱ्याची गर्भवती लेक चिरडून मेली. रिझर्व्ह बँकेने त्या वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यास बंदी केली, आणि काही महिन्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये, ती उठवली.

पंजाबात याच यंत्रणेची उलटी बाजू पाहायला मिळते. मोगा, तलवंडी भाई येथील जुन्या ट्रॅक्टरांचे बाजार देशभर प्रसिद्ध आहेत. तेथे अनेकदा जवळजवळ कोरा ट्रॅक्टर विकायला येतो. शेतीसाठी तो घेतलेलाच नसतो. लेकीच्या लग्नाला किंवा आडत्याचे देणे फेडायला बँक कर्ज देत नाही, ट्रॅक्टरला देते. म्हणून ट्रॅक्टर कर्जाने घ्यायचा आणि तोट्यात विकून रोकड करायची. येथे घसारा यंत्राच्या झिजेचा राहत नाही, ते गरजवंताने दिलेले छुपे व्याज होते.

एक काळ असाही होता की जुना ट्रॅक्टर तोट्यात विकण्याचा प्रश्नच नव्हता. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मागणी मोठी आणि उत्पादन तोकडे, म्हणून १९७१ साली केंद्र सरकारला ट्रॅक्टरच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणावे लागले. त्याच सुमारास पिंजोरला सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्सचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला, आणि दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत आखलेला 'स्वराज' १९७४ पासून पंजाबात बनू लागला. पुढे 'स्वराज' २००७ मध्ये महिंद्र समूहाकडे गेला. पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. कारखाना बंद होतो तेव्हा कामगार रस्त्यावर येतात हे दिसते. त्या कारखान्याचे यंत्र ज्यांच्या दारात उभे आहे त्यांच्या मालमत्तेचीही किंमत त्या दिवशी उतरते, हे कोणाच्या हिशेबात येत नाही. सुटे भाग मिळतील की नाही याची खात्री नसलेल्या यंत्राला गिऱ्हाईक कोण?

सरकारी निर्णयांनी मूल्य कसे हलते याचे ताजे उदाहरण करकपातीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ११२ रुपयांची वस्तू १०५ ला आली, म्हणजे सव्वासहा टक्के उतार. कपात योग्यच, ती आठ वर्षे आधी व्हायला हवी होती. परंतु ज्याने ऑगस्टमध्ये ५,००,००० ला घेतला त्याच्या यंत्राचे ३१,००० रुपये एका रात्रीत गेले. त्याने भरलेला जादा कर परत मिळाला नाही, आणि कर्जाचा हप्ताही जुन्याच किमतीवर राहिला.

उपाय अवघड नाहीत. विक्रेत्याने नव्याचा भाव, सूट आणि जुन्याची किंमत तीन वेगळ्या ओळींत लिहून देणे सक्तीचे करता येईल. दर तपासणीच्या वेळी तासमीटरची नोंद सेवापुस्तिकेत शिक्क्यानिशी केली तर मीटर मागे फिरवण्याचा धंदा बसेल. बंद केलेल्या मॉडेलचे सुटे भाग ठराविक वर्षे पुरवण्याचे बंधन कंपनीवर घालता येईल. आणि अडीचशे तासांचे चार धनी एकत्र आले तर एकाच यंत्राचे हजार तास भरतात: पंजाबच्या प्राथमिक सहकारी संस्था अवजारे भाड्याने देतात, केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत अवजार बँकांना अनुदान आहे. मात्र गावोगावच्या अनुभवात अशी बँक बऱ्याचदा एखाद्या बड्या घराच्या नावे निघते आणि छोट्याचा नंबर पेरणीची वाफ निघून गेल्यावर लागतो. पाळीची वही ग्रामसभेपुढे ठेवण्याची अट त्या अनुदानाला जोडावी. त्यासाठी नवा पैसा लागत नाही.