कथाबीजाची पारख

ऐतिहासिक चित्रपटाच्या कथाबीजावर, म्हणजे पटकथेपूर्वी थोडक्यात मांडलेल्या पात्र, काळ व संघर्षाच्या आराखड्यावर, अभिप्राय देताना पराक्रमाआधी माणसाविषयी प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि १८५८ मध्ये आंबापाणीला भिल्लांची लढाई झाली, एवढ्यावर रणदृश्ये सहज रचता येतात. परंतु ज्या इंग्रज सरकारची चाकरी केली त्याच्यावरच शस्त्र उचलणाऱ्या मनुष्याची घालमेल, जी खरी कथा आहे, ती शोधायला लावणारा अभिप्राय दुर्मीळ आहे. दुसरे उदाहरण रणाबाहेरचे: धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. तेथे तलवार नाही, एवढ्यासाठी हा विषय नीरस ठरवणे, निदान खानदेशात तरी, घोर अन्यायाचे आहे.