बुद्धी आणि माया

१८७३ साली माधवराव रानडे पुन्हा बोहल्यावर चढले. पहिली पत्नी जाऊन फार दिवस झाले नव्हते. वय एकतीस, पुण्यात न्यायाधीश, प्रार्थना समाजातले मोठे नाव, विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. आता ते विधवेशीच लग्न करणार अशी सुधारक मित्रांची खात्री होती आणि वडिलांना धास्तीही तीच होती. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पसंत केली. माधवरावांनी नको म्हणून पाहिले, विनवण्या केल्या. वडिलांचा शब्द मात्र त्यांच्याने मोडवला नाही. लग्न लागले तसे ते घरी येऊन कोणाशी न बोलता खोलीचे दार लावून बसले.

हे आपल्याला कळते ते त्या मुलीमुळे. तिने, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, पतीच्या मृत्यूनंतर ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. १९१० साली त्या छापून आल्या. रानड्यांची भाषणे आणि निबंध वाचताना एक विलक्षण शांत बुद्धी भेटते. शेतसारा, व्यापार, मराठ्यांच्या सत्तेचा उदय, सगळ्याची कारणे ती धीराने उलगडते. ही बुद्धी बापाच्या डोळ्यांत पाणी आले की काय करते, ते तिथे सापडत नाही. त्यासाठी रमाबाईंकडेच जावे लागते.

या वागण्याला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. दांभिक माणूस दार लावून बसत नाही. पण रानड्यांना सोडून देणेही मला जमत नाही, कारण त्यांच्या मायेची किंमत दुसऱ्यांनी मोजली. एका अकरा वर्षांच्या मुलीने मोजली, आणि जिला या घरात मानाने येता आले असते अशा कुणा विधवेनेही मोजली. तिचे नाव इतिहासाला कळण्याचा प्रश्नच आला नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी मात्र विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. आईची माया कर्व्यांनाही होतीच. तिला दुखवण्याचे दुःख त्यांनी पत्करले.

रानड्यांनी लग्नानंतर लगेच रमाबाईंना मुळाक्षरे शिकवायला घेतली, पुढे इंग्रजीही शिकवले. घरातल्या बायका त्यावरून त्यांना टोचून बोलत, छळत. माधवरावांना ते कळत असे. तरी घरच्यांना ते जाब विचारत नसत, रमाबाईंनाच सोसायला आणि उलट न बोलायला सांगत. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून उठलेले प्रकरण १८९० चे. त्यातही त्यांनी पुढे जवळच्यांखातर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. जवळच्या माणसाला दुखवायची वेळ आली की इतका मोठा माणूस दर वेळी एक पाऊल मागे येई. आणि तरी याच घरातून सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था चालवणाऱ्या रमाबाई उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टींची वजाबाकी करून एक उत्तर काढायला मी तयार नाही.

आपले विचारवंत मते फार छान मांडतात. ती मांडताना घरात काय झाले, कोणापुढे मान तुकवली, कोणाला गमावण्याची भीती वाटली, याविषयी मात्र ते गप्प असतात, आणि आपणही विचारत नाही. मग त्यांचा विचार जगायला निघालेला तरुण पहिल्याच घरगुती भांडणात एकटा पडतो. या वाटेवर आधी कोण अडखळले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही लेखकांकडे मते मागितली नाहीत. तुमचा विचार आणि तुमचे मन एकमेकांच्या आड आले तो प्रसंग लिहा, आणि तेव्हा किंमत कोणी मोजली तेही लिहा, अशी विनंती केली. काहींनी नकार कळवला. ज्यांनी लिहिले, त्यांच्यातल्या काहींनी मजकूर छापण्याआधी घरच्यांना वाचायला दिला आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या केल्या. त्या दुरुस्त्यांसह लेख पुढच्या पानांवर आहेत.