घटस्फोट झाला, म्हणून बैठकीतून ताईच का उठणार?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कन्नडमध्ये शिंदेंच्या शिवसेनेच्या संजना जाधव यांनी विभक्त पती, माजी आमदार हर्षवर्धन जाधव यांना हरवले. तिथे दोघे आमनेसामने होते. तडजोडीचा प्रश्नच नव्हता.

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी एवढी मोकळीक कुठली? नगरपंचायतीच्या जागा १७, कार्यकर्ते मोजकेच. आघाडी करायची, प्रभाग सोडायचा, तर एकेकाळच्या नवरा-बायकोलाही समोरासमोर बसावे लागते. मग नेते सोयीची वाट काढतात. दादा बैठकीत राहतात, तिला मात्र "ताई, तुम्ही जरा थांबा" असे सांगितले जाते. (दादांना थांबा म्हटलेले कुणी ऐकले आहे का?) निम्म्या जागा महिलांना राखीव, तरी तिच्या प्रभागात दुसऱ्याच कुणाची तरी पत्नी उभी राहते.

हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी घटस्फोटाचा हक्क मांडला होता. ते बिल रखडले, हे १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण. पुढे आलेला १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो हक्क वापरणारी बाई आपल्याच चळवळीला अडचण कशी वाटते?

पोटगीचे कोर्टात चालू द्या. प्रभागाची बोलणी दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्यासमोर व्हावीत, ठरलेले लिहून काढावे. निरोप नातेवाइकांमार्फत नकोत. आणि हे सगळे उमेदवारी अर्ज निघण्याआधी, आत्ताच ठरवावे.