अंदमानची सडक आणि मोटारीची काच

तेरखेड्याच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले, दिवाळीबरोबर फटाक्यांचा हंगामही उरकला, आणि आता घरातली पाच माणसे सहल कंपनीबरोबर अंदमानला निघायचे म्हणताहेत. त्यांत सासूबाई आहेत, वय अडुसष्ट. ताई विचारतात की हा प्रवास सासूबाईंना झेपेल काय, आठ दिवसांत काय काय बघून होईल, आणि शेवटी भीतभीत एक ओळ: ‘तिथल्या रस्त्यावर जंगली माणसे बघायला मिळतात म्हणे, ते खरे का?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यासाठी जरा बैजवार बोलावे लागेल.

अंदमान म्हटले की आपल्याला काळे पाणी आठवते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला सेल्युलर तुरुंग आणि तिथे १९११ पासून १९२१ पर्यंत कोंडलेले सावरकर. तुरुंगाच्या सात कमानींपैकी, म्हणजे सात लांब इमारतींपैकी, आज तीन उभ्या आहेत. सासूबाईंना ते आधी दाखवा. ज्या गावाला आपण पोर्ट ब्लेअर म्हणतो त्याचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम झाले आहे. तिकिटावर वेगळे नाव दिसले म्हणून गांगरू नका. हॅवलॉकचेही २०१८ साली स्वराज द्वीप झाले.

पण अंदमान म्हणजे एवढेच नव्हे. अंदमान आणि निकोबार मिळून क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यापेक्षा थोडेसेच मोठे. फरक एवढाच, की ते शेकडो तुकड्यांत समुद्रात विखुरलेले आहे आणि बहुतेक जंगलाखाली आहे. येडशीच्या रामलिंगाचे रान तुम्ही पाहिलेले आहे. उन्हाळ्यात त्याची पाने गळतात आणि डोंगर उघडा पडतो. तिथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. गुरजनाची झाडे मान मोडेपर्यंत उंच, पडौकाचे लाकूड तांबडेलाल, आणि खाली इतका काळोख की दुपारी बारा वाजता दिवेलागण झाल्यासारखे वाटावे.

या रानातून दक्षिणोत्तर एक सडक जाते, अंदमान ट्रंक रोड. श्री विजय पुरमहून निघून बाराटांग, रंगत, मायाबंदर करीत शेवटी डिगलीपूर. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास लांबी. मधे खाड्या येतात. मिडल स्ट्रेटची खाडी मोटारीसकट बोटीवर ओलांडायची, पुढे पूल आहेत. आपल्याकडच्या बहुतेक सहली बाराटांगपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत फिरतात. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी दाखवला की झाले. त्यासाठी रात्री तीनला उठून मोटारीत बसावे लागते. पैसे भरण्याआधी व्यवस्थापकाला एवढेच विचारा, ‘बाराटांगहून माघारी, की डिगलीपूरपर्यंत?’ उत्तरावरून सहल कोणत्या जातीची आहे ते कळेल.

आता तिसरा प्रश्न. जिरकाटांगच्या नाक्यावर मोटारी थांबवतात, सगळ्यांची नावनिशी लिहून घेतात, आणि ठरलेल्या वेळीच पोलिसांच्या सोबतीने त्यांचा तांडा सोडतात. तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर जारवा लोकांचे राखीव रान आहे. थांबायचे नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही फेकायचे नाही. मोडले तर तुरुंग आहे.

हे नियम आले कुठून? जारवा आजही मोजून काही शे माणसे आहेत. शिकार, मध, कंदमुळे, मासे यांवर जगणारी. त्यांच्यासाठी १९५७ साली रान राखून ठेवले, आणि मग पुढे सरकारनेच त्याच रानातून ही सडक नेली. काम चालू असताना त्यांनी बाणांनी विरोध केला. १९९८ च्या सुमारास ते आपणहून बाहेर येऊ लागले आणि १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या पोरांना गोवर निघाला तर आपण लिंबाचा पाला अंथरतो, डॉक्टर गाठतो. या आजारांशी ज्यांच्या रक्ताची ओळखच नाही, त्यांच्यात तो वणव्यासारखा पसरतो. बिस्किटाचा पुडा फेकणारा भला माणूस त्याबरोबर काय फेकतो आहे, हे त्यालाही माहीत नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली राखीव रानातला हा रस्ता बंद करायला सांगितले. तो बंद झाला नाही. २०१२ साली जारवा बायकांना खाण्याचे आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोचली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना मनाई केली, मार्चमध्ये ती उठली. तेव्हापासून तांडे चालूच आहेत.

ताई, तेरखेड्याच्या दारातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. त्याने तुमच्या फटाक्यांना गिऱ्हाईक आणले, पोरांना कॉलेजात पोचवले. सडक आली की भरभराट होते हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण समजा, त्याच महामार्गावर रोज मोटारींची रांग तुमच्या अंगणासमोर हळू होऊ लागली, आतल्या माणसांनी लेकीसुनांकडे बोटे दाखवली, केळी फेकली, तर? जारवांनी ती सडक मागितली नव्हती.

उत्तरेकडच्या गावकऱ्यांचीही बाजू आहे. मोठे रुग्णालय श्री विजय पुरमला. रंगतची बाळंतीण अडली तर तिने काय करायचे? त्यांची गरज खरी आहे. आपली गरज म्हणजे एक गुहा पाहण्याची. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत, असे मला वाटते.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. रंगत आणि डिगलीपूरला समुद्रमार्गे सरकारी बोटी जातात. कंपनीला सांगा, जाताना-येताना बोट आणि मोटारीची सहल रंगतपासून उत्तरेला. बोटीला वेळ लागतो, तिकिटांसाठी आधीपासून खटपट करावी लागते, समुद्र खवळला तर ती रद्दही होते. सासूबाईंना पोटात ढवळेल. आवळासुपारी जवळ ठेवा आणि डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या. बाराटांगच्या गुहा हुकतील. हुकू द्या.

त्या बदल्यात जे मिळेल ते कमी नाही. रंगतजवळ धनीनाल्याला खारफुटीच्या रानातून लाकडी वाट काढली आहे, सासूबाईसुद्धा चालतील. मायाबंदरजवळ वेबी गावात १९२५ साली ब्रह्मदेशातून आणलेले करेन लोक राहतात. डिगलीपूरला एरियल बेहून होडीने रॉस आणि स्मिथ ही जोडबेटे. ओहोटीला दोहोंमधली वाळूची पट्टी उघडी पडते आणि माणूस एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जातो. (तुरुंगासमोरचे जुने रॉस बेट निराळे, घोटाळा करू नका.) मागे सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातले सर्वांत उंच शिखर. ती चढण तुमच्या पोरांसाठी. कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री कासविणी अंडी घालायला येतात. वनखात्याचा माणूस सांगेल तिथेच उभे राहायचे, बॅटरी लावायची नाही.

आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची गोष्ट म्हणजे तिथली शेते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांना १९४९ पासून इथे वसवले. भातासाठी पाच एकर सपाट आणि पाच एकर टेकडीची जमीन, तीही जंगल तोडून करायची. आज तिथे भात, नारळ, सुपारी उभी आहे. २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने उत्तरेकडचा किनारा वर उचलला गेला, दक्षिणेकडची जमीन खचून शेतात खारे पाणी शिरले. एखाद्या बांधावर बसून त्यांना विचारा. बंगाली हिंदीत सांगतील, पण पिकाची भाषा कळते.

बाकी किरकोळ. भाकरी मिळणार नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी मावळतो, तेव्हा पाचनंतरचे बेत आखू नका. मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात पाय घालू नका. शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि तेरखेड्याच्या माणसाला पाहुण्यांकडे निघताना पिशवीत चार फटाके टाकायची सवय असते, ती यंदा आवरा. विमानात फुलबाजीसुद्धा चालत नाही.

जायचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, पाऊस कमी आणि कासवांचाही हंगाम. ज्वारीचा हुरडा मात्र हुकेल, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.