परिभाषेची बाजू

वृत्त, जाती, छंद, यती, यमक या संज्ञांमुळे कवितेचा आस्वाद वाढत नाही, उलट तिची चिरफाड होते, हा आक्षेप मराठीत इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा बहिणाबाई चौधरी यांचा दाखला दिला जातो. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली. लघुगुरूंचा विचार न करता त्यांनी अशी रचना केली, तर वाचकाला त्या विचाराची गरज काय, असा हा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादात रचणाऱ्याची गरज आणि वाचणाऱ्याची गरज एकच मानली गेली आहे. जात्यावर बसणाऱ्या स्त्रीच्या कानात ओवीची लय लहानपणापासून मुरलेली असे, म्हणून तिला त्या लयीचे शास्त्र शिकावे लागत नव्हते; पण आज तीच ओवी कागदावर मुकाट्याने वाचणाऱ्याला ती परंपरा श्रमातून मिळालेली नाही. पहिले तीन चरण यमकाने बांधून चौथा बहुधा आखूड आणि यमकाविना मोकळा सोडायचा, ही ज्ञानेश्वरीतील ओवीची घडण त्याला कोणी सांगितली, तरच त्या आखूड चरणावर अर्थ कसा येऊन टेकतो, हे त्याला ऐकू येऊ लागते.

परिभाषेचे खरे सामर्थ्य अभंगाच्या उदाहरणात दिसते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, दुसरा व तिसरा चरण यमकाने जुळतात आणि लघुगुरूंचे बंधन नसते. शतकानुशतके वारकरी संतांच्या भक्तीने या साच्याला एक स्वर दिला आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगातील माणसाची विफलता मांडताना अभंग आणि ओवी हेच साचे वापरले. ज्याला अभंग हा साचा ओळखता येत नाही, त्याला तेथे केवळ छोट्या ओळी दिसतील. श्रद्धेच्या घाटात श्रद्धाभंगाचा अनुभव ओतल्यामुळे निर्माण झालेला ताण त्याच्या हाती लागणार नाही, आणि तो ताण वगळला तर त्या कवितेतील फार मोठा अर्थ वाया जातो. परिभाषेने आस्वाद मारला जातो असे म्हणणाऱ्यांनी या ठिकाणी उत्तर द्यावे.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. मुक्तछंद म्हणजे कोणताही नियम नसलेले लेखन, अशी समजूत पसरल्यामुळे गद्य वाक्ये तोडून एकाखाली एक लिहिली की मुक्तछंद झाला, असे मानले जाते. वस्तुतः या प्रकाराचा पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनी ‘भग्नमूर्ती’सारख्या दीर्घकाव्यात ओळींची लांबी मोकळी ठेवली, यमकाचा आग्रह सोडला, परंतु उच्चारातील आवर्तन सोडले नाही. मुक्तता साच्यापासून आहे, लयीपासून नाही. हा भेद पुसला गेल्यामुळे खऱ्या मुक्तछंदावरच अन्याय होतो.

आक्षेपकांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र ग्राह्य आहे. परीक्षेत गण पाडून वृत्ताचे नाव लिहायला लावणारी पद्धत मुलांना कवितेपासून दूर नेते. पण तो दोष क्रमाचा आहे. माधवराव पटवर्धन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात पद्याचे शास्त्र म्हणण्याच्या पद्धतीशी जोडलेले आहे. शाळेने त्यातील तक्ते तेवढे उचलले आणि म्हणणे मागे ठेवले. मनाचे श्लोक मुलांकडून आधी मोठ्याने, एका ठेक्यात म्हणून घ्यावेत, एक लघु आणि दोन गुरू यांचा गट प्रत्येक चरणात चारदा येतो हे त्यांच्याच कानांना सापडू द्यावे, आणि त्यानंतर या चालीला भुजंगप्रयात म्हणतात, हे सांगावे.