भाड्याच्या घराची भूल

“मंदी आली तरी माणसाला छप्पर लागतेच, तेव्हा घर घ्या, भाड्याने द्या आणि स्वस्थ बसा,” असा उपदेश हल्ली कोणीही उठतो आणि करतो. २०१८ साली मीही तो ऐकला आणि वाकडला ६० लाखांची सदनिका घेतली. त्यांतले ४५ लाख कर्जाचे. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता ३९,००० आणि भाडे १८,०००! उरलेले माझ्या पगारातून.

२०२० साली टाळेबंदी झाली. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाडेकरू चंबूगबाळे आवरून लातूरला वडिलांकडे गेला. त्याला दोष काय देणार? माणसाला छप्पर लागते हे खरे. पण ते माझेच लागते असे थोडेच आहे? सात महिने घराला कुलूप होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. व्याज मात्र चढतच होते. त्यातच माझा पगारही कापला गेला. त्याची नोकरी आणि माझी नोकरी एकाच खुंटीला टांगलेली होती, हे मला तेव्हा उमगले.

माझे म्हणणे एवढेच, की मंदीत घर कोसळत नाही, घरमालक कोसळतो. वर्षभर घर रिकामे राहिले तरी ज्याची चूल पेटेल, त्याने खुशाल घरे घ्यावीत. भाड्यावर हप्त्याची भिस्त ठेवणाऱ्याने मात्र घर घेतलेलेच नसते. त्याने दुसऱ्याच्या नोकरीवर पैज लावलेली असते.